पहिल्यांदाच मों ब्लां: गूतेच्या वाटेने, टप्प्याटप्प्याने

मों ब्लां हे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर आहे. 2023 च्या मोजणीत त्याची उंची 4805.59 मीटर भरली. गूतेच्या वाटेवर कसलेल्या गिर्यारोहकाला घाम फुटेल असा टप्पा जवळजवळ नाही. म्हणून हे 'सोपं शिखर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि या ओळखीनेच अनेकांचे जीव घेतले. वाट सोपी असते ती ठरावीक तासांत आणि ठरावीक हवेत. ते तास आणि ती हवा कोणती, हे 1786 पासूनच्या चढायांनी आणि अपघातांनी दाखवून दिलंय. म्हणून इथे इतिहास वेगळा न सांगता जिथे उपयोगी पडतो तिथेच दिला आहे.

वाट कोणती निवडायची

फ्रान्सच्या बाजूने तीन वाटा आहेत. नवख्याने गूतेचीच धरावी. बाकीच्या दोन का नाहीत, हेही समजून घ्या.

पहिली ग्रां म्युलेची. पहिली चढाई याच बाजूने झाली. शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी 1760 मध्ये शिखरावर वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं, तरी पुढची 26 वर्षं कुणी माथ्यावर पोचलं नाही. हिमनदीवर रात्र काढली तर माणूस वाचत नाही, अशी तेव्हा समजूत होती. जून 1786 मध्ये जाक बाल्मा वर एकटाच अडकला, रात्र काढली आणि जिवंत खाली आला. त्यामुळे ती समजूत मोडली. 8 ऑगस्ट 1786 रोजी संध्याकाळी तो आणि पायथ्याच्या शामोनी गावचे डॉक्टर मिशेल पाकार शिखरावर उभे होते. दोर नाही, आइस अ‍ॅक्स नाही, हातात फक्त लांब काठ्या.

याच वाटेवर ऑगस्ट 1820 मध्ये डॉ. हामेल यांच्या तुकडीतले तीन गाइड गेले. ताजा बर्फ पडला होता, गाइड परत फिरू म्हणत होते, तरी चढाई पुढे रेटली गेली. ग्रां प्लातोच्या वरच्या उतारावरचा बर्फाचा थर तुटला आणि तिघांना हिमभेगेत घेऊन गेला. त्यांचे अवशेष 1861 मध्ये खाली बोसों हिमनदीच्या तोंडाशी बाहेर पडले. या अपघातानंतर 1821 मध्ये शामोनीच्या गाइडांची संघटना उभी राहिली. आज ही वाट मुख्यतः वसंतात स्की लावून केली जाते, कारण डोक्यावर लटकणारे हिमकडे अजून तिथेच आहेत.

दुसरी वाट तीन शिखरांची: एग्वी दु मिदीच्या रोपवेने वर जाऊन ताक्युल आणि मोदी या शिखरांच्या कुशीतून. देखणी आहे, पण जास्त उभी. ऑगस्ट 2008 मध्ये ताक्युलच्या उतारावर हिमकडा कोसळून आठ जण गेले, जुलै 2012 मध्ये मोदीवर हिमप्रपातात नऊ. पहिल्या खेपेला या वाटेच्या नादी लागू नका.

राहिली गूतेची. 1861 मध्ये लेस्ली स्टीफन आणि फ्रान्सिस टकेट यांच्या तुकडीने गूतेवरून बॉसच्या धारेने माथ्यापर्यंतची वाट पूर्ण केली. धारेवरून जात असल्यामुळे हिमप्रपाताचा धोका बराच कमी. तिचा जीवघेणा भाग एकच, गूतेची घळ. त्याबद्दल पुढे सविस्तर.

सहा ते आठ महिने आधी: पाय, फुप्फुसं आणि बर्फाची ओळख

आठवड्यातून तीनदा तासभर पळणं किंवा जिने चढणं, आणि दर पंधरा दिवसांनी पाठीवर 12 किलोची सॅक घेऊन हजार मीटरच्या आसपास चढाई-उतराई. महाराष्ट्रात त्यासाठी हवं ते सगळं आहे. बारीतून कळसूबाई एका दिवसात दोनदा करा. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढा आणि त्याच वाटेने उतरा. सुटे दगड, घसारा, वरच्याच्या पायाखालून खालच्याच्या डोक्यावर येणारा धोंडा: गूतेच्या घळीत नेमकं हेच आहे, फक्त चार पट मोठं. हात लावून चढायची सवय अलंग-मदन-कुलंगवर होते. शिखराच्या दिवशी दहा-बारा तास पाय चालते ठेवावे लागतात, तेव्हा सलग दहा तासांचा एक तरी ट्रेक झालेला हवा.

सह्याद्रीत दोन गोष्टी मिळत नाहीत: बर्फ आणि विरळ हवा. त्यासाठी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा किंवा मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम करा. सुमारे चार आठवडे लागतात आणि जागा खूप आधी भरतात. ते जमत नसेल तर शामोनीत गाइडबरोबर निदान दोन दिवस हिमनदीवर सराव करा. तीन गोष्टी विचार न करता यायला हव्यात: क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे टोकदार काटे) लावून उभ्या-आडव्या उतारावर चालणं, घसरल्यावर आइस अ‍ॅक्स रोवून स्वतःला थांबवणं, आणि दोरावर चालताना दोर ना लोंबू द्यायचा ना ताणायचा. दुसऱ्या गोष्टीचा सराव खाली सपाट मोकळी जागा असलेल्या उतारावरच करा, आणि क्रॅम्पॉन काढून. क्रॅम्पॉन घालून घसरलात की टोकं बर्फात अडकतात आणि घोटा मोडतो.

गाइड घ्यायचा का? पहिल्या खेपेला घ्याच. या शिखरावर एका गाइडबरोबर जास्तीत जास्त दोघे जातात. महाग पडतं. पण घळ कधी ओलांडायची आणि कुठून परत फिरायचं हे दोन निर्णय तुमच्या वतीने तो घेतो, आणि पैसे मोजायचे ते त्यासाठीच.

चार महिने आधी: झोपडीची जागा, व्हिसा, विमा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी झोपडी (म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं ठिकाण), मग गाइड, मग विमान. 2019 पासून गूतेच्या वाटेवर वरच्या झोपडीत नावानिशी आरक्षण असल्याशिवाय जाऊ देत नाहीत आणि ओळखपत्र तपासतात. दोन झोपड्या लागतात: तेत रूस, 3167 मीटर, आणि गूते, 3835 मीटर. गूतेची नवी इमारत 2013 मध्ये सुरू झाली, तिथे 120 जणांची सोय आहे. आरक्षण उघडलं की शनिवार-रविवार लगेच संपतात, म्हणून मंगळवार-बुधवार धरा. वाटेत स्वतःचा तंबू लावायला बंदी आहे. तेत रूसजवळ आधी नोंदवून मिळणारी तंबूची जागा हा त्याला एकमेव अपवाद.

शेंगेन व्हिसासाठी लागणारा 30,000 युरोंचा प्रवासी विमा इथे पुरत नाही. बहुतेक पॉलिसींत गिर्यारोहण वगळलेलं असतं, किंवा एका उंचीपुढे लागू होत नाही. पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा, आणि 5000 मीटरपर्यंत दोर-क्रॅम्पॉनसह चढाई धरलेली आहे असं लेखी घ्या. फ्रान्समध्ये डोंगरातल्या सरकारी बचावपथकाचे पैसे सहसा आकारत नाहीत, पण दवाखान्याचे लागतात. इटलीच्या बाजूला बचावाचंही बिल येऊ शकतं.

तारखा: झोपड्या साधारण जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत उघड्या असतात. नवख्यासाठी जूनचा उत्तरार्ध ते जुलैचा पहिला आठवडा सर्वांत चांगला, कारण तेव्हा घळीत बर्फ असतो आणि त्या बर्फाने दगड धरून ठेवलेले असतात. ऑगस्ट टाळा. 2015 आणि 2022 च्या उष्ण लाटांत दगड इतके कोसळू लागले की झोपड्याच बंद कराव्या लागल्या.

सामान

2017 मध्ये पळण्याच्या कपड्यांत वर गेलेला एक जण मेला. त्यानंतर पायथ्याच्या सें जेर्वे गावच्या महापौरांनी या वाटेवर ठरावीक सामान सक्तीचं केलं. त्या यादीतलं आणि त्यापलीकडचं, दोन्ही मिळून:

- कडक तळव्याचे, क्रॅम्पॉन बसणारे बूट. घरी आणून किमान शंभर किलोमीटर चालून सैल करून घ्या.
- बारा टोकांचे क्रॅम्पॉन, खाली बर्फ न चिकटू देणाऱ्या प्लेटांसह. प्लेटा नसतील तर दुपारच्या ओल्या बर्फाचे गोळे टाचेखाली साठतात आणि माणूस सरळ घसरतो.
- 55 ते 65 सेंमीची आइस अ‍ॅक्स, हार्नेस, हेल्मेट, स्क्रूची तीन कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या), 120 सेंमीची स्लिंग (पट्टीचा फास), 6 मिमी दोरीचे दोन प्रुसिक (मुख्य दोरावर पकड घेणारे फास), एक आइस स्क्रू.
- तुकडीत 40 मीटरचा एक दोर.
- वारा-पाणी अडवणारं जाकीट आणि पँट, एक उबदार जाकीट, दोन जोड हातमोजे, कानटोपी. उन्हाळ्यातही माथ्यावर पहाटे उणे दहा-पंधरा असतं आणि वाऱ्याने ते आणखी खाली जातं.
- श्रेणी 4 चा काळा चष्मा, 50 चं सनस्क्रीन, हेडलॅम्प आणि त्याचे जादा सेल.
- नकाशा, होकायंत्र, उंचीमापक किंवा जीपीएस.

क्रॅम्पॉन याच बुटांवर घरी बसवून पाहा. पाय झटकला तरी हलता कामा नयेत. भाड्याने घेतलेले क्रॅम्पॉन आणि बुटाची मागची खाच न जुळल्यामुळे शिखराच्या रात्री झोपडीच्या दारातच चढाई संपलेले कितीतरी जण आहेत. सॅक पाणी धरून नऊ-दहा किलोंच्या वर नको. नळीची पाण्याची पिशवी वर नेऊ नका, नळी गोठते. लिटर-लिटरच्या दोन बाटल्या घ्या आणि त्यांतली एक जाकिटात ठेवा. गूतेत नळाला पिण्याचं पाणी नाही, बाटली विकत घ्यावी लागते.

विरळ हवेची सवय

कळसूबाई 1646 मीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या डोक्यावरूनही मों ब्लां तीन हजार मीटरांहून उंच आहे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 55 टक्के उरतो. थेट मुंबईहून येऊन तिसऱ्या दिवशी वर गेलात तर डोकं धरून परतावं लागेल.

किमान दहा दिवस हाताशी ठेवा. शामोनीत उतरल्यावर (1035 मीटर) पहिले दोन दिवस ल तूरच्या वर आल्बेर प्रमिए झोपडीत मुक्काम, 2702 मीटर, आणि तिथल्या हिमनदीवर सराव. मग बोगद्याने इटलीत जाऊन ग्रान पारादिसो, 4061 मीटर. हे शिखर चुकवू नका: उंचीही होते, दोराची सवयही होते, आणि स्वतःचा वेग कळतो. त्यानंतर खाली एक पूर्ण दिवस आराम. उरलेले दिवस मों ब्लांसाठी, त्यांतला एक तरी फक्त हवा पाहण्यासाठी मोकळा.

डोकेदुखी आणि मळमळ औषधाने थांबत नसेल, किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर थांबणं हा उपाय नाही. लगेच खाली या. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

निघायच्या आदल्या दिवशी: तीन आकडे

शामोनीत उंच डोंगराच्या माहितीचं सार्वजनिक कार्यालय आहे. तिथे वाटेची आजची स्थिती फुकट सांगतात. तिथून आणि हवामानपत्रकातून तीन आकडे लिहून घ्या. माथ्यावरचा वारा ताशी 40 किमीच्या वर असेल तर बॉसची धार नवख्याला झेपत नाही. शून्य अंशाची उंची, म्हणजे जिथे तापमान शून्यावर येतं ती, 4000 मीटरच्या वर असेल तर रात्री घळ गोठत नाही. आणि दुपारचं वादळ किती वाजता आहे. शिखरावर टोपीसारखा गुळगुळीत ढग बसला असेल तर वर वारा सुटलाय, पत्रक काहीही म्हणो.

पहिला दिवस: तेत रूसपर्यंत

सें जेर्वेहून डोंगरी ट्रॅम नी देगल या 2372 मीटरवरच्या थांब्यापर्यंत जाते. ले उशहून बेलव्यूच्या रोपवेने वर येऊनही ती पकडता येते. तिकीट आधी काढा. थांब्याचं काम चालू असलं तर गाडी अलीकडेच थांबते, मग तासभर जास्त धरा. पुढे तेत रूसपर्यंत 800 मीटर चढाई, अडीच ते तीन तास. दम लागून बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

दुसरा दिवस: घळ

तेत रूस ते गूते ही उभी चढाई साडेसहाशे मीटरची. 1990 ते 2017 या काळात एवढ्याच पट्ट्यात शंभरावर माणसं गेली. लोकांना भीती असते घळीतल्या दगडांची, आणि ती रास्त आहे. पण सर्वाधिक मृत्यू घळीच्या पुढच्या खडकाळ धारेवरून पाय सुटून पडल्याने झाले आहेत.

आधी घळ. खडक धरून ठेवणारं पाणी खडकाच्या फटींत गोठलेलं असतं. ऊन लागलं की ते वितळतं आणि दगड सुटतात. दगड दुपारनंतर वाढतात आणि संध्याकाळी सर्वाधिक येतात. म्हणून चढताना सकाळी लवकर, दहाच्या आत ओलांडा. आडवं जायला जेमतेम मिनिटभर लागतं.

ओलांडायची रीत अशी. अलीकडच्या शेवटच्या मोठ्या खडकाआड थांबा. हेल्मेटचा पट्टा घट्ट करा, काठ्या सॅकला बांधा. पाच मिनिटं वर बघत राहा आणि ऐका. एका वेळी एकच जण जाईल, बाकीचे वर नजर ठेवून उभे राहतील. दगड दिसला की फ्रेंच लोक 'काइयू!' असं ओरडतात, तुम्हीही तेच ओरडा, म्हणजे पुढच्या-मागच्या अनोळखी तुकड्यांनाही कळेल. चाल झपाट्याची, पण पळू नका. मध्ये फोटो नाही, क्रॅम्पॉनचा पट्टा बांधणं नाही. वर बांधलेली तार पडण्यापासून वाचवते, दगडापासून नाही. तिला अडकवण्यात वेळ जात असेल आणि पायवाट चांगली असेल, तर काय करायचं ते गाइड त्याच क्षणी ठरवेल. दगड येतच असतील तर परत तेत रूस. वाट बघून तो दिवस सुधारत नाही, उन्हाने बिघडतच जातो.

पुढची धार दोन तासांची, हात लावून चढायची. जागोजागी तारा आहेत. कोरड्या खडकावर क्रॅम्पॉन काढा, बर्फ असेल तर राहू द्या. अनुभवी माणूस नसलेल्या तुकडीने इथे एकमेकांना दोराने बांधून चढू नये. खडकाला कुठेही न अडकवलेला दोर एकाच्या घसरण्याचं तिघांचं पडणं करतो.

गूतेत दुपारपर्यंत पोचा, दोन-तीन लिटर पाणी प्या, जेवा, सामान लावून ठेवा आणि सातला आडवे व्हा. झोप बहुतेकांना लागत नाही, त्याची चिंता करू नका.

तिसरा दिवस: माथा

दोनच्या सुमाराला निघा. झोपडीच्या बाहेरच दोर बांधा: तिघे असाल तर एकमेकांत दहा-बारा मीटर, दोघेच असाल तर पंधरा आणि मध्ये गाठी. दोम दु गूते (4304 मीटर) च्या रुंद उतारावर हिमभेगा आहेत, आणि पायवाट रुळलेली दिसते म्हणून लोक इथेच दोर गुंडाळून हातात घेतात. तसं करू नका. धुकं आलं तर हाच रुंद उतार सर्वांत फसवा होतो, म्हणून जाताना जीपीएसवर वाट नोंदवत चला.

दोमवरून किंचित उतरून खिंड, आणि पुढे 4362 मीटरवर वालोचा निवारा. जोसेफ वालो यांनी 1890 मध्ये इथे वेधशाळा उभारली. आताचा पत्र्याचा निवारा फक्त संकटासाठी आहे, मुक्कामासाठी नाही. परत फिरायचा निर्णय इथे घ्या, कारण पुढे धार अरुंद आहे. गूतेहून इथवर साडेतीन तासांहून जास्त लागले असतील, वारा अंग ढकलत असेल, किंवा कुणाची बोटं बधिर असतील, तर फिरा. 1808 मध्ये माथ्यावर गेलेली पहिली स्त्री मारी पारादी हिला शेवटी गाइडांनी जवळजवळ ओढत नेलं होतं, असं तिनेच सांगितलंय. तेव्हा तिच्याबरोबर बरेच जण होते. आज एका गाइडला दोन माणसं असतात, आणि एक कोसळला की दुसऱ्याचीही चढाई तिथेच संपते.

वालोच्या पुढे बॉसची दोन उंचवट्यांची धार. दोन्हीकडे उतार, मध्ये काही ठिकाणी एका माणसाची वाट. उतरणारी तुकडी समोर आली तर रुंद जागेवर अ‍ॅक्स रोवून थांबा आणि त्यांना जाऊ द्या. वर 4677 मीटरवर तूर्नेतचे खडक लागतात. 3 नोव्हेंबर 1950 रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' या खडकांजवळ आदळून 48 जण गेले. 24 जानेवारी 1966 रोजी 'कांचनजंगा' हे विमान याच शिखरावर आदळलं, त्यात डॉ. होमी भाभांसह 117 जण होते. बोसों हिमनदी अजूनही त्यांचे अवशेष खाली आणून सोडते. त्या बाजूला काही सापडलं तर उचलून घरी आणू नका, पोलिसांना कळवा.

माथा म्हणजे बर्फाची लांबट, रुंद पाठ. 1893 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांची वेधशाळा थेट इथे बांधली गेली. पायासाठी बोगदा खणूनही खडक लागला नाही, ती बर्फातच उभी केली आणि हळूहळू खचून 1909 मध्ये सोडून द्यावी लागली. खरा खडक 4792 मीटरवर आहे, वरचं सगळं बर्फाचं टोपण. म्हणून उंची बदलत राहते: 2007 मध्ये 4810.90 होती. तुमच्या घड्याळात वेगळा आकडा दिसला तर काळजी नको. कडेला जाऊ नका, बर्फाचा छज्जा कुठवर आहे ते वरून कळत नाही. सहा-सातला पोचलात तर पंधरा-वीस मिनिटं पुरे.

उतरताना

गूतेपर्यंत दोन-अडीच तास. नऊ-साडेनऊला झोपडीत पोचाल आणि इथे अवघड प्रश्न उभा राहतो: लगेच उतरलं तर घळीपाशी जाईपर्यंत दुपार होते. रात्रीची हवा थंड असेल आणि पाय ताजे असतील, तर लगेच निघा. रात्र गोठली नसेल किंवा पाय थरथरत असतील, तर गूतेत आणखी एक रात्र राहा आणि पहाटे उतरा. ही दुसरी रात्र सुरुवातीलाच आरक्षित करून ठेवावी, ऐन वेळी जागा मिळत नाही. ट्रॅमची शेवटची गाडी गाठायची म्हणून दुपारी घळीत उतरणं हा या वाटेवरचा सर्वांत वाईट सौदा आहे.

धार उतरताना क्रॅम्पॉनची टोकं पँटच्या पायात अडकतात, म्हणून पँट खाली बांधून घ्या. सुटा दगड दिसला तर त्यावर पाय देऊ नका, खाली माणसं आहेत. काही झालं तर 112 लावा आणि उंची, वाटेचं नाव, जखमींची संख्या आणि वारा किती आहे ते सांगा. हेलिकॉप्टर आलं की दोन्ही हात वर करून इंग्रजी 'वाय'सारखे उभे राहा. मदत नको असेल तर एक हात वर आणि एक खाली.

वाट बंदच झाली तर आरक्षणाचे पैसे आणि जोडलेली हवेची सवय, दोन्ही वाया घालवू नका. ल तूरच्या बाजूला प्तित फूर्श, 3520 मीटर, दोन दिवसांत होतं, आणि इटलीत ग्रान पारादिसो हाताशी आहेच. झोपडीचं आरक्षण बदलायची किंवा रद्द करायची मुदत आधीच पाहून ठेवा आणि वर जाणार नसाल तर जागा सोडा, खाली कुणीतरी त्याच जागेची वाट पाहत असतं.